पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय आणि मधोमध मी

ज्या देशानं मला व्हिसा नाकारला त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला, त्यातली शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून काढलेला माणूस प्रकरण निकाली निघेपर्यंत समोरच्या कार्यालयाबद्दल वाकडं बोलत नाही. एवढंच सांगतो की माझी बायको उज्वला त्या देशात आहे, मुलगी पिंकी आणि जावई सनी तिथे आहेत, सहा महिन्यांची नात तिथे आहे, आणि मी, सहादू पगारे, नाशकात इंदिरानगरच्या दुसऱ्या मजल्यावर एकट्यासाठी कुकर लावतो आहे. एका माणसाचा भात कुकरमध्ये कधीच नीट होत नाही, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

खरं तर आम्ही दोघं बरोबरच जाणार होतो. पण माझ्या पासपोर्टच्या तपासणीला पोलीस आले त्या दिवशी मी नेमका नामपूरला चुलतभावाकडे गेलो होतो. 'अर्जदार पत्त्यावर आढळून आला नाही' असा शेरा बसला. शेरा काय चीज असते हे मला कोणी सांगायला नको, जन्मभर मीच ते मारत आलो. तो काढायला अडीच महिने लागले. तोवर पिंकीचे दिवस भरत आले, म्हणून उज्वला पुढे गेली. मुंबईच्या व्हिसा कचेरीत खिडकीवर तिला विचारलं, कशाला जाताय? तिनं दुभाष्याला मराठीत सांगितलं, लेकीचं बाळंतपण आहे. दुसरा प्रश्न झाला नाही. चपला घालायला लागतो तेवढ्या वेळात बाई व्हिसा घेऊन बाहेर.

पुढे माझी पाळी आली. तोच दुभाष्या तिथे उभा होता. मी त्याला हातानंच नको म्हटलं. दहावीला इंग्रजीत एकोणसाठ मार्क मिळवलेला माणूस, साहेबांच्या रजेच्या काळात इंग्रजी पत्रांवर स्वतः सही करणारा माणूस, तो दुभाष्या घेईल होय? गोऱ्या साहेबानं विचारलं, तिकडे जाऊन काय करणार? आता आमच्यात लेकीच्या घरी आयतं बसून खाणं बरं दिसत नाही. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. म्हणून मी छाती पुढे काढून सांगितलं, "आय विल डू ऑल वर्क. मॉर्निंग टू इव्हनिंग, ओन्ली वर्क." साहेबानं माझ्याकडे पाहिलं, संगणकाकडे पाहिलं आणि एक छापील चिठ्ठी खिडकीखालून सरकवली.

फोनवर पिंकीनं कपाळाला हात लावला. पाहुणा म्हणून जाणाऱ्याला तिथे काम करायची सक्त मनाई असते आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंतचं कबूल करून आलो होतो. उज्वला मागून एवढंच म्हणाली, घरी कधी एक ताट उचललं नाही आणि तिथे जाऊन कामाच्या गोष्टी. मी ते ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्या मते चूक हेतूची नव्हती, शब्दांची होती. मला जे सांगायचं होतं त्याला लागणारा शब्द माझ्या साठ्यात नव्हता, म्हणून जो हाताला लागला तो दिला. साठा वाढवला की प्रश्न मिटला.

ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला दोन तास लागले, कारण मधे वीज गेली होती. मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे खाजाभाई, ज्यांचं बॅगांचं दुकान आहे, ते हजला जाऊन आलेले असल्यामुळे परदेश या विषयातले जाणकार मानले जातात. त्यांनी सांगितलं की खिडकीवर उभं राहताना उजवा पाय पुढे ठेवायचा. सोसायटीचे चेअरमन झुंबरराव आहेर म्हणाले की कोणाची तरी ओळख लावा. ती कोणाची, हे मात्र त्यांना सांगता येईना. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या लताबाईनं नारळ फोडायला सांगितलं. मी म्हटलं, आम्ही बौद्ध माणसं, नारळ-बिरळ फोडत नाही. ती म्हणाली, तुम्ही नका फोडू, मी फोडते. तिनं फोडला आणि त्याची चटणी मला दोन दिवस पुरली. व्हिसाच्या बाबतीत मिळालेली एवढीच ठोस मदत.

खाजाभाईंची मुलगी अरफा इंग्रजीत एम.ए. झालेली. मागच्या गल्लीत दूध डेअरीच्या वर तिचा क्लास आहे. मी नाव नोंदवलं. वर्गात बाकीची पंधरा पोरं अठरा ते बावीस वयाची, आणि पहिल्या बाकावर मी, कारण मागून फळा दिसत नाही. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, रोज किती शब्द पाठ करायचे? ती म्हणाली, "काका, पाठ नका करू. एक मूळ शब्द घ्या. त्याच्या पुढे काही जोडा, मागे काही जोडा. एकाचे दहा होतात."

पोरांना हे समजायला आठवडा लागला. मला एक मिनिट लागलं नाही, कारण सबंध सरकार याच तत्त्वावर चालतं. अभियंता हा मूळ शब्द. पुढे 'उप' लावा, 'कार्यकारी' लावा, 'अधीक्षक' लावा, खुर्ची बदलते. 'प्रभारी' लावलं की सही चालते पण गाडी मिळत नाही. 'माजी' लावलं की चहासुद्धा कोणी विचारत नाही. हे मी वर्गात उभं राहून सांगितलं तेव्हा अरफानं ते फळ्यावर लिहून घेतलं. त्या दिवशी मी घरी जरा ताठ चालत गेलो.

मग मी कामाला लागलो. आणि काम म्हणजे मला एकच रीत माहीत आहे. कॉलेज रोडवरून एक जाड नोंदवही आणली, रकाने आखले. आवक क्रमांक, दिनांक, मूळ शब्द, पुढे जोड, मागे जोड, शेरा. क्रमांक पडल्याशिवाय कोणताही शब्द तोंडातून बाहेर काढायचा नाही असा नियम केला. हॅपी आला, त्याच्यामागून अनहॅपी, हॅपीनेस, अनहॅपीनेस आले. प्रत्येकाला वेगळा क्रमांक, खाली माझी लघुस्वाक्षरी. दीड महिन्यात आकडा चारशेच्या पुढे गेला. अरफानं एकदा वही पाहिली आणि म्हणाली, काका, शब्द वापरायचे असतात. मी तिला समजावलं की नोंद झाल्याखेरीज वापर म्हणजे बेकायदा वापर.

तरी तिचं ऐकून मी शब्दांच्या चिठ्ठ्या करून घरभर लावल्या. चिकटपट्टीनं भिंतीचा रंग निघतो, म्हणून मैद्याची खळ केली. फ्रिजवर, कपाटावर, देव्हारा नाही म्हणून बुद्धाच्या तसबिरीच्या खालच्या फळीवर, सगळीकडे चिठ्ठ्या. आठव्या दिवशी झुरळं आली. खळ त्यांना फार आवडली. रात्रीतून ती शब्दांचे पुढचे मागचे तुकडे खाऊन टाकत, आणि सकाळी मला कपाटावर नुसतं 'नेस' राहिलेलं दिसे. लताबाई झाडू घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, घरात झुरळं लय झाली. तेवढं इंग्रजी काय झालं नाय."

हे बोलणं मला लागलं. त्याच आठवड्यात वर्गात नकाराचे उपसर्ग चालले होते, अन, इन, इर, इम, आणि आमच्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं. मी ठरवलं की तक्रार इंग्रजीतून करायची. नोंदवही उघडून बसलो. पाणी इर्रेग्युलर आहे, इनसफिशंट आहे, टाकी अनहायजिनिक आहे, समिती इर्रिस्पॉन्सिबल आहे, इनॲक्टिव्ह आहे, हे सगळं अनॲक्सेप्टेबल आणि इनटॉलरेबल आहे. एका पानात एकवीस नकार बसले. झुंबररावांना ते काही उलगडलं नाही, पण एवढ्या नकारांचा कागद म्हणजे कोर्टाचीच नोटीस अशी त्यांची खात्री झाली. ते तो सिन्नरला आपल्या वकील साडूकडे घेऊन गेले. साडूनं दोनदा वाचला आणि सांगितलं की हा माणूस सुप्रीम कोर्टापर्यंत जाईल. तिसऱ्या दिवशी टाकी धुतली गेली, नवी मोटर बसली, आणि मला सोसायटीतर्फे शिष्टमंडळ भेटायला आलं. मी त्यांना चहा केला. उज्वला असती तर पोहेही झाले असते.

त्यानंतर मी प्रसिद्ध झालो, आणि प्रसिद्धीनं माझं वाटोळं केलं. जो तो इंग्रजी अर्ज घेऊन येऊ लागला. अडचण अशी होती की वर्गात ज्या आठवड्यात जे चाले तेच मला येत असे. लताबाईच्या मुलीचा, पूजाचा, शाळा सोडल्याचा दाखला हवा होता; पूजाला जवळच्या शाळेत घालायचं होतं. तेव्हा आमचा 'एबल' प्रत्यय चालला होता. मी मुख्याध्यापकांना लिहिलं की आपण रिस्पेक्टेबल आहात, ॲडमिरेबल आहात, अनफरगेटेबल आहात, आपल्यासारखा माणूस इर्रिप्लेसेबल आहे, तरी दाखला द्यावा. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या सद्गृहस्थांना असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी पत्र प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं, काचेत घातलं, आणि इतक्या जाणत्या पालकांची मुलगी शाळेतून जाऊ देणार नाही म्हणून दाखला द्यायला साफ नकार दिला. पूजा अजून तिथेच जाते, दोन बस बदलून. लताबाईनं आठ दिवस माझी कढई घासली नाही.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की माझे दिवस मजेत चालले होते. तसं नव्हतं.

रोज सकाळी आठ वाजता उज्वलाचा फोन यायचा. तिकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. आम्ही दोघंही बागलाणातले, माझं गाव नामपूर, तिचं माहेर तिथून दीड कोसावर, त्यामुळे घरात दोघंच असलो की आमची बोली अहिराणी. पिंकीला ती समजते, बोलता येत नाही. उज्वला पडद्यावर आली की पहिलं विचारायची, "जेवनात का?" सकाळी आठ वाजता कोणी जेवत नाही हे तिलाही माहीत होतं, पण तिच्याकडे दिवेलागण झालेली असायची आणि दिवे लागले की तिच्या मनात माझं ताट यायचं.

आणि मी काय करायचो? मी तिला म्हणायचो, गुड मॉर्निंग, आता जावयाला दे. सनीशी बोलून सराव होतो, असं माझं गणित. वीस मिनिटं मी सनीला नवे शब्द ऐकवायचो. तो बिचारा कामावरून दमून आलेला, व्हेरी गुड पप्पा, व्हेरी गुड पप्पा म्हणायचा. मागे उज्वला नातीला मांडीवर घेऊन बसलेली दिसायची, पडद्याच्या कोपऱ्यात, अर्धीच. तिच्याशी बोलायची वेळ यायची तोवर नात रडायला लागायची. एकदा ती म्हणाली की दिवसभर या घरात ती दोघं इंग्रजीत बोलतात, शेजारीण इंग्रजीत हसते, दुकानातली पोरगी इंग्रजीत पिशवी देते, आणि आता तुम्हीही तेच. मी म्हटलं, तुझ्याकडे यायलाच तर शिकतोय. खरं सांगतो, त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी नोंदवही उघडली नाही.

ती नसली की घर कसं होतं हे मला सांगता येत नाही. तिच्या चपलांचा एक जोड दाराशी तसाच ठेवला होता, मी तो झटकून पुन्हा तिथेच ठेवायचो. संध्याकाळी बाहेरून आलो की कुलूप उघडायच्या आधी मी बेल वाजवायचो. सवयीनं नव्हे, मुद्दाम. आत कोणी नाही हे ठाऊक असून वाजवायचो आणि मग कुलूप काढायचो. खाजाभाईंनी एकदा पाहिलं, पण काही विचारलं नाही.

त्याच सुमारास वर्गात 'लेस' हा प्रत्यय आला. होमलेस, होपलेस, हेल्पलेस. घरी येऊन मी माझ्या हिशेबानं एक शब्द बनवला, वाइफलेस, आणि त्याला क्रमांक दिला, सहाशे त्र्याण्णव. दुसऱ्या दिवशी अरफाला दाखवला. ती म्हणाली की शब्द आहे काका, पण तो ज्याची बायको वारली किंवा ज्याचं लग्नच झालं नाही त्याच्यासाठी. काकू आहेत ना. मी तिथल्या तिथे लाल शाईनं तो शब्द खोडला, 'रद्द' लिहिलं आणि पूर्ण सही केली. घरी जाताना मग विचार करत होतो की ज्याची बायको आहे पण इथे नाही त्याच्यासाठी काय शब्द असेल. तो वहीत सापडला नाही.

मग पिंकीची सुट्टी संपत आली. पाळणाघरात जागा मिळायला अजून तीन महिने होते. उज्वलाची मुदतही संपत होती. ती वाढवायचा अर्ज सनीनं भरून तयार ठेवला होता, पण तो पाठवायचा की नाही हे माझ्यावर येऊन ठेपलं. मला व्हिसा मिळाला तर मी जायचं, दोघांनी मिळून नात सांभाळायची आणि बरोबरच परतायचं. नाही मिळाला तर उज्वलानं ठरवायचं, लेकीजवळ राहायचं की माझ्याकडे यायचं. कोणालाही असं ठरवायला लावू नये. मी दुसऱ्यांदा अर्ज केला.

या खेपेला मी फाइल तयार केली. नुसता शब्दसाठा पुरत नाही, कागद लागतो. घरपट्टीची पावती, पेन्शनचा आदेश, अरफाचं प्रमाणपत्र, सदर इसम सोसायटीत सलोख्यानं राहतो असा झुंबररावांचा दाखला (तो त्यांनी मागताक्षणी दिला), काचेतल्या पत्राची छायाप्रत, आणि शब्दांची नोंदवही, पहिलं पान साक्षांकित करून. एकशे चौसष्ट पानं, पानांवर क्रमांक, सुरुवातीला अनुक्रमणिका, महत्त्वाच्या जागी लाल निशाण्या. अशी फाइल मी नोकरीत असताना केली असती तर एक धरण जास्त झालं असतं.

अरफानं शेवटच्या दिवशी तासभर माझी तयारी करून घेतली. म्हणाली, काका, त्यांना एकच गोष्ट पटली पाहिजे, तुम्ही परत येणार. नाशकात कोण आहे विचारलं तर सांगा, घर आहे, पेन्शन आहे, नामपूरला भाऊ आहे, शेजारी आहेत, सोसायटीचं काम आहे. मी ते सगळं दहा वेळा म्हणून दाखवलं. बरोबर होतं.

खाजाभाई मला आपल्या व्हॅनमधून मुंबईला घेऊन गेले. खिडकीवर या वेळी एक तरुण बाई होती, पिंकीच्या वयाची. दुभाष्या तोच. त्यानं मला ओळखलं आणि पुढे झाला. मी पुन्हा हात केला. बाईंनी विचारलं, कशाला जायचंय? मी सांगितलं की नातीला पाहायला, टेंपररी भेट आहे, मी रिटायर्ड आहे आणि तिकडे ॲब्सोल्युटली नथिंग करणार आहे. बाई हसल्या. म्हणाल्या, तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे.

हे वाक्य मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. पत्र काचेत लावणाऱ्या मुख्याध्यापकांना काय वाटलं असेल ते मला तेव्हा समजलं.

मग त्यांनी विचारलं, "अँड हू डू यू हॅव बॅक इन नाशिक?"

उत्तर पाठ होतं. पण एक गोष्ट सांगायला हवी. कचेरीत आम्हाला असं शिकवलेलं की विचारणा आली तर उत्तर मुद्देसूद, खरं आणि संपूर्ण द्यायचं, माहिती दडवायची नाही. आणि दुसरी गोष्ट. पाच महिने शेजारीपाजारी मला सल्ले देत होते, अर्ज लिहून घेत होते, पण तुमच्याजवळ कोण आहे हो, असं मला कुठल्याच भाषेत कोणी विचारलं नव्हतं. त्या बाईंनी विचारलं, तेही माझ्या डोळ्यांकडे बघून. मी तोंड उघडलं आणि शब्द आले. एकही अडखळला नाही. घर आहे, पण ते एम्प्टीनेसनं भरलेलं आहे. माणसं चांगली आहेत, काइंडनेस आहे, फ्रेंडलीनेस आहे, पण मी अलोन आहे. लोनली आहे. दिवस युजलेस जातात, रात्री स्लीपलेस जातात. ही लोनलीनेस अनबेअरेबल आहे. माय वाइफ इज देअर. सो हिअर, मॅडम, देअर इज नोबडी.

बाई टाइप करायच्या थांबल्या. दुभाष्यानं मान खाली घातली. मी फार उत्तम बोललो होतो. इतकं स्पष्ट, की मागे ओढून आणणारं माझं इथे काहीच नाही याबद्दल त्यांच्या मनात शंकाच उरली नाही. त्या सॉरी म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या, आणि तीच छापील चिठ्ठी खिडकीखालून आली. पहिल्या वेळी शब्द कमी पडले म्हणून नकार, दुसऱ्या वेळी पुरले म्हणून. फाइल माझ्या काखेत होती. तिची नाडीसुद्धा सुटली नव्हती.

परतताना इगतपुरीला खाजाभाईंनी चहा घ्यायला गाडी थांबवली आणि मी काय बोललो ते सगळं मराठीत करून घेतलं. बराच वेळ बशीत चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "पगारेसाब, सच्ची बात बोललात. पण सच्ची बात घरवालीला बोलायची असते, सरकारला नाय."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता फोन आला. तिघंही पडद्यासमोर बसलेले, नात उज्वलाच्या मांडीवर. मी सांगितलं, नाही झालं. पिंकीचा चेहरा उतरला. उज्वलानं विचारलं, असं काय सांगितलं तुम्ही त्या बाईला? मी तिला मराठीत सांगायला गेलो तर तोंडातून शब्द निघेना. इंग्रजीत त्या गोष्टी दुसऱ्या कोणाच्या तरी वाटत होत्या, मराठीत त्या माझ्या होत्या. म्हणून मी खिडकीवर बोललो तसंच, इंग्रजीतच, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. उज्वलाला इंग्रजी कळत नाही. ती पिंकीकडे बघत राहिली.

सनी उठून आत गेला. मग पिंकी म्हणाली, "आई, बाबा म्हणाले की शेजारी चांगले आहेत, सगळं आहे, पण घर रिकामं आहे. त्यांना झोप येत नाही. तू तिकडे नाहीस, तर तिथे त्यांचं कोणीच नाही. त्यांना तुझ्याशिवाय करमत नाही, असं म्हणाले ते."

उज्वलानं पदर सारखा केला. नात तिची बांगडी चोखत होती, ती तिनं सोडवली नाही.

"परकी बाईले सांगं," ती म्हणाली. "पस्तीस वरीसमा माले नही सांगं."

पस्तीस वर्षांत वेळ आली नव्हती असं म्हणणार होतो, पण ते खरं नव्हतं. ती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा आली होती, माझी सुरगाण्याला बदली झाली तेव्हा आली होती. पहिल्या वेळी मी तिला एसटीत जागा मिळाली का विचारलं होतं, दुसऱ्या वेळी गॅस आला का.

"उज्वला," मी म्हणालो, "माले करमत नही."

ती रडली नाही. म्हणाली, "मी येसू." पिंकीला म्हणाली, तिकीट बघ. पिंकीनं हो म्हटलं आणि बाळाला उचलून घेतलं. सोमवारपासून तिला कामावर जायचं होतं. ती बाळाला छातीशी धरून उभी राहिली, हो म्हटल्यावरही तिथेच उभी राहिली, आणि मला ती पहिल्यांदा शाळेच्या फाटकात उभी होती तशी दिसली. तेव्हाही ती रडली नव्हती, नुसती उभी होती.

मी म्हटलं, नको येऊ. तीन महिने राहा. पाळणाघरात जागा मिळाली की ये.

उज्वलानं अट घातली. राहते, म्हणाली, पण रोज आठ वाजता जावयाला हाक मारायची नाही, शब्द ऐकवायचे नाहीत. त्या परक्या बाईला जे सांगितलं ते आधी मला सांगायचं, आपल्या बोलीत, आणि मग काय ते बोलायचं. रोज.

मी म्हटलं, रोज तेच?

"रोज," ती म्हणाली.

सनीनं मुदतवाढीचा अर्ज पाठवला. मी रोज सांगतो. पहिले चार दिवस जीभ जड झाली होती, पिंकी आसपास असली तर अजूनही मी आवाज बारीक करतो. आज एकोणतिसावा दिवस. एकदाही खोटं सांगावं लागलेलं नाही.